सुरकुतलेलं पान आणि पाण्याने भरलेली कुंडी : नागपुरातल्या एका जेडचं प्रकरण

झाड जेडचं. वय चार वर्षं, उंची ३५ सेंटीमीटर, मातीलगत खोड ३ सेंटीमीटर जाड, वर तीन मुख्य फांद्या. पत्ता त्रिमूर्ती नगरातला, तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात घरच्या काकूंची तक्रार अशी होती : "एक दिवसाआड अर्धा पेला पाणी टाकत होते ना मी. तरी पानं सुकूनच राहिली होती. म्हणून मग आठवडाभर रोज टाकलं, तर आता गळूनच राहिली."

पानं खरंच सुरकुतलेली होती. धुणं धुतल्यावर बोटांच्या टोकांवर चुण्या पडतात, तशा वरच्या पानांच्या पाठीवर पडल्या होत्या. पण सुरकुतलेलं पान एवढंच सांगतं, की पानापर्यंत पाणी पोचत नाही. कुंडीत पाणी नाही, असं ते सांगत नाही. माती कोरडीठाक झाली तरी पान सुरकुततं आणि मुळं सडून गेली तरी ते तसंच सुरकुततं, कारण सडलेलं मूळ पाण्यात बुडून असलं तरी पाणी ओढू शकत नाही. घरातली बहुतेक सक्युलंट, म्हणजे पानांत-खोडात पाणी साठवणारी झाडं, याच घोटाळ्यात जातात. झाड तहानलेलं दिसतं म्हणून पाणी पडतं, आणि त्या पाण्याने उरलीसुरली मुळंही जातात. म्हणून पानाकडे पाहून पाणी घालू नये, कुंडीकडे पाहून घालावं.

आधी नावाचा एक खुलासा. नर्सरीत 'जेड' म्हणून दोन वेगळी झाडं विकली जातात. एकाची पानं नखाएवढी, गोलसर आणि फांद्या लालसर, बारीक. ते पोर्टुलाकारिया आफ्रा. दुसऱ्याची पानं अंगठ्याएवढी, जाड, उन्हात कडेने लाल होणारी. ते क्रॅस्युला ओव्हाटा. दोन्ही मूळची दक्षिण आफ्रिकेची. नागपूरचं ऊन आणि पावसाळा पहिलं झाड बऱ्यापैकी सोसतं, दुसरं त्या मानाने नाजूक. इथलं झाड दुसरं होतं.

मे महिन्यात काय बदललं

मेच्या मध्यापर्यंत हे झाड पूर्वेच्या बाल्कनीत होतं आणि ठीक होतं. पारा ४५ च्या घरात गेला, २५ मेपासूनचा नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, तोंडावर आला, आणि झाड होरपळेल या काळजीने ते हॉलमध्ये आणलं गेलं. काळजी चुकीची नव्हती, जागा चुकली. हॉलच्या एकुलत्या मोठ्या खिडकीला कूलर बसवलेला, बाकी काचांवर पडदे. झाड कूलरच्या समोरच्या शोकेसवर, खिडकीपासून तीन मीटर आत. शिवाय शोकेसवर ओल उतरू नये म्हणून नर्सरीची सहा इंची प्लास्टिक कुंडी एका चिनी मातीच्या, बुडाला भोक नसलेल्या प्लँटरमध्ये उतरवलेली.

कूलरमुळे नेमकं काय होतं हे विदर्भातल्या माणसाला समजावून सांगायला फार वेळ लागत नाही. कूलर लावलेल्या खोलीत पापड वाळत नाही. बाहेरची खडखडीत हवा ओल्या वाळ्यातून आत येते ती दमट होऊनच. बाल्कनीत जी माती तीन दिवसांत वरून वाळत होती, ती हॉलमध्ये दहा दिवसांतही वाळेना. वरून उजेड नाही, म्हणजे वाढ नाही. वाढ नाही, म्हणजे पाण्याचा खप नाही.

तिसरी गोष्ट झाडाच्या आतली आहे. क्रॅस्युलाचं कुळ दिवसा पानांची छिद्रं मिटून ठेवतं आणि रात्री उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेतं. याच कुळाच्या नावावरून त्या पद्धतीला क्रॅस्युलेशियन ॲसिड मेटाबॉलिझम म्हणतात. रात्र थंड असेल तर हे काम नीट चालतं. नागपुरात मेअखेरीस रात्रीही पारा ३० च्या आसपास असतो, तेव्हा झाड जवळजवळ थांबून राहतं. उन्हाळ्यात माणसाला पाणी जास्त लागतं म्हणून झाडालाही लागत असेल, हा हिशेब मोगऱ्याला लागू आहे. सावलीत ठेवलेल्या जेडला नाही.

कुंडी काय सांगत होती

पहिलं काम कुंडी उचलण्याचं. आतली प्लास्टिकची कुंडी प्लँटरमधून वर काढली तर खाली चार बोटं पाणी होतं. मोजून ७०० मिलिलिटर भरलं, काळपट, नालीसारख्या वासाचं. त्या वासातच अर्धं निदान होतं. मातीतली हवा संपली की तिथे बिनहवेचे जिवाणू वाढतात आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो. निरोगी कुंडीला पहिल्या पावसातल्या मातीचा वास असतो.

हिशेबही जुळतो. चार आठवडे एक दिवसाआड १०० मिलिलिटर म्हणजे १.४ लिटर, वर शेवटच्या आठवड्याचे ७००, एकूण २.१ लिटर. त्यातलं साधारण निम्मं उडून गेलं किंवा सुरुवातीला झाडाने वापरलं, उरलेलं मातीत आणि प्लँटरच्या तळाशी साठलं. अर्धा पेला काही फार नाही, असं वाटतं ते दर वेळच्या मापाकडे पाहून. साठा कुणी मोजत नाही.

त्यानंतर तीन दिवस पाणी बंद ठेवलं. कुंडी खिडकीपाशी हलवली आणि किचनच्या डिजिटल काट्यावर रोज सकाळी तोलली. पहिल्या दिवशी २,८०० ग्रॅम, चौथ्या दिवशी २,७४०. तीन दिवसांत फक्त ६० ग्रॅम. एवढ्या तोंडाच्या कुंडीच्या मातीतून नुसत्या वाफेनेच तेवढं जातं, म्हणजे झाड जवळपास काहीच पीत नव्हतं. तहानलेलं झाड आणि ओली कुंडी असेल तर मुळं गेलीत, याला याहून स्वस्त चाचणी नाही. काटा नसेल तर उदबत्तीची काडी मसाला खरवडून बुडापर्यंत खुपसावी, दहा मिनिटांनी काढावी. इथे काडी टोकापासून वरपर्यंत ओली आणि चिखलाने माखलेली निघाली.

मग पानं. एकाच झाडावर दोन प्रकार होते आणि त्यातला फरक हाताला कळतो. वरची पानं सुरकुतलेली पण हिरवी, दाबली की चामड्यासारखी चिवट. खालची पिवळी, आरपार उजेड दिसेल अशी, फुगल्यासारखी, बोट लागताच गळणारी. नुसती तहान असती तर सगळी पानं पहिल्या प्रकारची झाली असती आणि आधी जुनी, खालची पातळ होऊन वाळली असती. पाणेरी पिवळं पान दिसलं की पाणी जास्त झालं आहे असं धरून चालावं. शेवटी खोड : खालून वर अंगठ्याने दाबत गेल्यावर मातीच्या वर चार सेंटीमीटरपर्यंत ते पिकल्या चिकूसारखं दबत होतं, त्याच्या वर टणक.

मुळांत एवढंच उरलं होतं

झाड कुंडीतून उपटायचं नसतं. कुंडी आडवी करून कडा दाबून गड्डा सैल केला आणि झाड गड्ड्यासकट सरकवून काढलं. आत तीन थर दिसले. मधोमध मुठीएवढा कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याच्या भुश्याचा) गोळा, म्हणजे रोप लहान असताना ज्यात वाढवलं तो. त्याभोवती चिकट लाल माती. तिच्याभोवती कधीतरी भर म्हणून टाकलेली काळी माती. काळी माती कपाशीला सोन्यासारखी, पण कुंडीतल्या सक्युलंटला मारक. ओली झाली की फुगते आणि हवेच्या वाटा बंद करते. वाळली की आकसते, भेगा पाडते, त्या भेगांबरोबर बारीक मुळं तुटतात आणि पुढचं पाणी भेगांतून सरळ खाली पळतं.

गड्डा बादलीत धुतला. निरोगी मूळ पांढरट किंवा फिकट पिवळं, ताणलं तर ताण धरणारं. इथली तपकिरी होती, आणि चिमटीत धरून ओढली की वरची साल मोज्यासारखी निघून आत नुसता दोरा राहत होता. एकही मूळ वाचवण्यासारखं नव्हतं.

शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात, ती अवस्था मुळांना हवी असते : मातीत ओलही आहे आणि हवाही आहे. या कुंडीत पाच आठवडे वाफसा आलाच नाही. बुरशी नंतर आली. मुळं आधी गुदमरली.

सड कुठे संपते ते शोधणं

खोड मऊ झालं की कुंडी बदलून भागत नाही, कापावं लागतं. नवं कटर ब्लेड, सर्जिकल स्पिरिट, कापूस, टिश्यू पेपर आणि दिवसाचा उजेड एवढं लागतं. प्रत्येक छेदाआधी ब्लेड स्पिरिटने पुसायचं. हे टाळलं तर आपणच सड वर नेतो.

पहिला छेद मातीच्या पातळीवर. आतला भाग खजुरासारखा तपकिरी, ओला. एक सेंटीमीटर वर दुसरा : कडेने हिरवं, मध्य तपकिरी. तिसऱ्यात मध्य स्वच्छ, पण सालीच्या आत जे वर्तुळ दिसतं, ज्यातून पाणी वर जातं, त्यावर तपकिरी ठिपके. चौथ्यात एकच ठिपका उरला. पाचवा छेद फिकट हिरवा, काकडीच्या कापासारखा स्वच्छ. तिथे थांबलं गेलं.

थांबणं चुकलं होतं. सहाव्या दिवशी वाळत आलेल्या छेदावर मोहरीएवढी एक जागा ओलसर आणि तपकिरी दिसली. कापताना निघालेल्या रसाने एक बारीक ठिपका झाकला गेला होता. म्हणून कापल्यावर छेद टिश्यूने टिपायचा, मिनिटभर थांबायचं, परत टिपायचा आणि मग पाहायचं. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून मोठं करून पाहिलं तर आणखी बरं. स्वच्छ छेद मिळाल्यावरही एक सेंटीमीटर जास्तीचं कापावं, हा आमचा आग्रह आहे. इथे ते सेंटीमीटर वाचवायला गेल्याने दीड सेंटीमीटर पुन्हा कापावं लागलं आणि वाळवण्याचे सहा दिवस वाया गेले. पहिल्या फांदीच्या खाली आता साडेचार सेंटीमीटर खोड उरलं. आणखी एकदा सड निघाली असती तर मुख्य खोड सोडून फांद्याच वेगळ्या लावाव्या लागल्या असत्या.

सुरकुतलेली पानं काढून टाकण्याचा मोह होतो. काढू नयेत. मुळं नसताना झाडाचा पाण्याचा टँकर म्हणजे तीच पानं. पिवळी पाणेरी तेवढी काढली. दोन लांब फांद्या मात्र एक तृतीयांशाने छाटल्या, कारण मुळं नसलेलं झाड डोक्याने जड असलं तर कुंडीत हलत राहतं आणि नवं मूळ तुटतं. छाटलेल्या भागांतून आठ ते दहा सेंटीमीटरचे चार तुकडे बाजूला ठेवले. मूळ झाड गेलंच तर वाण घरात राहतो.

बुरशीनाशकाबद्दल गैरसमज फार आहेत. कृषी केंद्रात मागितलं की बहुधा कार्बेन्डाझिम १२ टक्के आणि मॅन्कोझेब ६३ टक्के ही मिश्र पावडर हातात येते. चांगली आहे, पण पाणी साठलेल्या मातीत मुळं सडवण्यात पिथियमसारख्या जलबुरशींचा हात बहुतेक वेळा असतो, आणि त्यांच्यावर कार्बेन्डाझिम चालत नाही. तिथे मेटालॅक्झिल ८ टक्के अधिक मॅन्कोझेब ६४ टक्के हे मिश्रण उपयोगी. घरी बसून बुरशी ओळखता येत नाही. म्हणून खरा इलाज कापणं आणि वाळवणं हाच. पावडर ही राखणदार. हातमोजे आणि मास्क घालून छेदावर कोरड्या ब्रशने पातळ थर दिला की पुरे. पाण्यात कालवून लेप देऊ नये, वाळायला आलेला छेद परत ओला होतो. हळद लावण्याची घरगुती रीत इथे मुद्दाम टाळली. तिने नुकसान होतं म्हणून नाही, तर पिवळा रंग बसला की सहाव्या दिवशीचा तो ठिपका दिसलाच नसता.

जुलैतलं वाळवणं

तीन सेंटीमीटर जाड खोडाला चौदा दिवस, पेन्सिलीएवढ्या तुकड्याला सात. झाड रिकाम्या कुंडीत उभं ठेवलं, छेद खाली पण अधांतरी, बुडाला टेकणार नाही असा. आडवं ठेवलं तर शेंडे उजेडाकडे वळतात आणि लावताना झाड वाकडं उभं राहतं. जागा उजेडाची पण उन्हाची नाही.

एप्रिलमध्ये नागपुरात हा छेद चार-पाच दिवसांत खडखडीत झाला असता. जुलैत झड लागली की हवा सादळते आणि छेदावर कातडी धरायला वेळ लागतो. पाच फुटांवरून टेबल फॅन सर्वांत कमी वेगावर दिवसरात्र चालू ठेवला. छेद वाळला हे कसं कळतं? नखाने टिचकी मारली की लाकडावर मारल्यासारखा आवाज येतो, आणि मध्यभाग थोडा आत खचतो.

चार तुकड्यांपैकी एक, बारीक आहे म्हणून, तिसऱ्याच दिवशी मातीत खोचला गेला. दहा दिवसांत खालून काळा पडला. उरलेले तिन्ही पूर्ण सात दिवस वाळवून लावले, तिन्ही जगले.

मिश्रण आणि कुंडी

तीन भाग विटेचे तुकडे, दोन भाग भरड रेती, एक भाग लाकडी कोळशाचा चुरा, दोन भाग चाळलेलं गांडूळखत. मापाला घरातली कुठलीही वाटी चालते, कारण भाग आकारमानाचे आहेत, वजनाचे नाहीत. वीट जास्त भाजलेली, ठोकली की खणखणीत वाजणारी घ्यावी. कच्ची वीट दोन पावसाळ्यांत परत माती होते. तुकडे ३ ते ६ मिलिमीटर, हरभऱ्याच्या डाळीपासून अख्ख्या हरभऱ्यापर्यंत. फोडल्यावर पिठाच्या चाळणीने धूळ पूर्ण काढायची. ही धूळ ठेवली तर बाकी सगळं केलेलं व्यर्थ, कारण तीच खाली बसून चिखल करते. रेती कन्हान नदीची भरड मिळाली तर उत्तम. बादलीत पाणी गढूळ येईनासं होईपर्यंत ती धुवायची; बांधकामावरून उचललेल्या रेतीत सिमेंट असतं, ती नको.

कुंडी सहा इंचीवरून पाच इंचीवर आणली, आणि मातीची, बिनरंगाची. मोठी कुंडी म्हणजे मुळांच्या आवाक्याबाहेरची ओली माती. भोकावर प्लास्टिकच्या जाळीचा तुकडा ठेवला, बस. तळाशी खडे किंवा खापऱ्यांचा थर देण्याची पद्धत जुनी आहे, पण ती उलटी काम करते. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोकळ्या खड्यांत सहज उतरत नाही. मातीच्या सर्वांत खालच्या थरात ते तटून राहतं. खडे टाकल्याने तो ओला थर नुसता वर सरकतो, मुळांच्या जवळ.

मिश्रण जमलं की नाही याची चाचणी झाड लावण्याआधी करायची. भरलेल्या कुंडीत अर्धा लिटर पाणी ओतलं, दहा सेकंदांच्या आत खालून धार लागली आणि वर तळं साचलं नाही, तर जमलं. मग ते मिश्रण पसरून पूर्ण वाळवायचं.

लावल्यावरचे दोन महिने

१० जुलैला झाड कोरड्या मिश्रणात तीन सेंटीमीटर खोल लावलं. बांबूच्या दोन काड्या रोवून सुतळीने इंग्रजी आठच्या आकाराचा सैल वेढा दिला. सात दिवस पाण्याचा थेंब नाही. या सात दिवसांत झाड आणखी सुरकुतलं आणि घरातल्या प्रत्येकाचा हात पेल्याकडे गेला. "काकू, पानं मऊ होऊ द्या, खोड मऊ झालं तर सांगा," एवढी एकच खूण ठरवून दिली होती. ती उपयोगी पडली.

१७ जुलैला पहिलं पाणी, ५० मिलिलिटर, खोडापासून दोन बोटं लांब, गोल फिरवत. त्यानंतर दर दहा दिवसांनी तेवढंच. मुळं येण्याआधी भरपूर पाणी देण्याला अर्थ नाही, पण पूर्ण कोरड्या मिश्रणातही नवं मूळ पुढे सरकत नाही. त्याला जरा दमटपणाचा वास लागावा लागतो. कुंडी बाल्कनीत आणली, पण झडीचं पाणी पोचणार नाही अशी भिंतीला लागून.

झाड उपटून मुळं आली का पाहू नये. खोड दोन बोटांत धरून हलकेच वर ताणायचं. महिनाभर काहीच अडत नव्हतं. १४ ऑगस्टला पहिल्यांदा खालून धरल्यासारखं वाटलं. त्याच आठवड्यात शेंड्यांवर नव्या पानांची जोडी दिसली, तकतकीत, सुरकुती नसलेली. तेव्हा प्रथमच खालून निथळेपर्यंत पाणी दिलं. तीन दिवसांत वरची पानं भरली. जी सुरकुती पाच आठवड्यांच्या पाण्याने गेली नव्हती, ती एका पाण्याने गेली, कारण आता ते ओढायला मुळं होती. खालची चार-पाच जुनी पानं मात्र भरली नाहीत, वाळून गळाली. इतके दिवस झाड त्यांच्याच पाण्यावर जगलं होतं.

गळलेल्या चांगल्या पानांतून बारा पानं ट्रेमध्ये मिश्रणावर नुसती ठेवली होती. सात पानांना मुळं आणि बारीक रोपं फुटली, पण पानापासून हातभर झाड व्हायला काही वर्षं जातात. पिवळ्या पाणेरी पानाला मूळ फुटत नाही, ते ठेवून उपयोग नाही.

ऑक्टोबरपासून पुढे

पावसाळा ओसरल्यावर नागपूरचं ऑक्टोबरचं ऊन एकदम अंगावर येतं. दोन महिने सावलीत राहिलेलं झाड त्यात ठेवलं तर पानांवर फिकट, कागदासारखे डाग पडतात आणि ते कायमचे राहतात. सकाळचं ऊन आठवड्याला एक तास या हिशेबाने वाढवत नेलं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आपल्याकडे या झाडाचा खरा वाढीचा हंगाम : दिवसा ऊन कोवळं, रात्री गार. खत द्यायचं ते याच दिवसांत, विद्राव्य १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात) लिटरला एक ग्रॅम, महिन्यातून एकदा, ओल्या मातीत. जानेवारीत पारा दहाच्या खाली गेला तरी माती कोरडी असेल तर झाडाला धोका नसतो. ओली असेल तर असतो.

बोअरचं जड पाणी वापरत असाल तर मातीच्या कुंडीवर बाहेरून पांढरा खार चढतो. कुंडीला त्याने काही होत नाही, पण तोच खार मिश्रणातही साठतो. दोन महिन्यांतून एकदा कुंडीच्या तिप्पट पाणी ओतून तो धुवून काढावा.

एक ताकीद इथेच. हे सगळं जसंच्या तसं अडेनियम या दुसऱ्या सक्युलंटला लावू नये. अडेनियमला मेचं गच्चीवरचं ऊन हवं असतं, आणि त्याचा गड्डा, म्हणजे बुडाशी फुगलेलं खोड, हिवाळ्यात पानं गळाल्यावर थोडा मऊ लागला तर ती सड असेलच असं नाही. मऊपणा सगळीकडे सारखा असेल तर साधारणपणे तहान. एकाच जागी, ओलसर आणि रंग बदललेला असेल तर सड.

पुढच्या मेसाठी जागा आधीच ठरली आहे. पूर्वेची बाल्कनी, ५० टक्के ऊन अडवणारी हिरवी जाळी, दहा वाजल्यानंतर ऊन नाही, कूलरच्या वाऱ्याच्या वाटेत नाही. पाणी रात्री आठनंतर, कुंडी निवल्यावर. चिनी मातीच्या प्लँटरला बुडाशी टाइलच्या ८ मिलिमीटर बिटाने दोन भोकं पाडली. ड्रिल हॅमरवर न ठेवता कमी वेगाने आणि बिटावर सतत पाण्याचे थेंब सोडत पाडली की तडा जात नाही. आणि मातीच्या कुंडीवर मार्करने दोन आकडे लिहिले आहेत : कोरडी १,८५०, पाणी दिल्यावर २,१००. काटा १,८८० च्या खाली येईपर्यंत पाणी नाही, पानं कशीही दिसोत. झाड वाढलं की त्याचं वजनही वाढतं, म्हणून हे आकडे दर चार महिन्यांनी पुसून नवे लिहायचे.